शेठच्या कंबरेची राखण

शेठची कंबर दुखते हे सगळ्यांत आधी त्यांच्या वकिलाला कळलं, मग डॉक्टरला, मग कोर्टाला, आणि सगळ्यांत शेवटी शेठना. कोर्टाने ते मान्य केलं आणि शेठ तुरुंगातून घरी आले. याला सुटका म्हणायचं नव्हतं. याचं नाव घरकैद. खटला उभा राहीपर्यंत आरोपीने स्वतःच्याच घरात राहायचं, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, जड काही उचलायचं नाही, आणि दारावर दिवसा एक पोलीस, रात्री एक पोलीस. यातली वजन न उचलण्याची अट खरं तर डॉक्टरची होती, पण हुकमात ती अशी काही बसली होती की कोर्टालाच शेठच्या मणक्याची काळजी लागून राहिली आहे असं वाटावं.

दिवसाचा पोलीस म्हणून जो हवालदार नेमला गेला, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ याच गुन्ह्यात तुरुंगात होता.

गुन्हा साधा होता. निवृत्त झालेल्या लोकांना तळ्याकाठी घरं बांधून देतो असं सांगून शेठच्या कंपनीने पैसे गोळा केले होते. तळं होतं, घरं नव्हती. काही गिऱ्हाइकांचं म्हणणं, तळंसुद्धा पावसाळ्यापुरतंच होतं. पैसे मिळाल्याच्या पावत्यांवर शेठ स्वतः सह्या करत नसत. आपलं अक्षर वाईट आहे असं ते सांगत. त्यांच्या कारकुनाचं अक्षर सुरेख होतं. पावतीवर सही कारकुनाची, म्हणून अटकही आधी कारकुनाची. हाच हवालदाराचा मेहुणा; घरात त्याला सगळे बारक्या म्हणत. सहीत मात्र तो पूर्ण नाव लिहायचा, वळणदार, खाली रेघ ओढून. त्या रेघेचं सरकारी वकिलांनी कोर्टात विशेष कौतुक केलं होतं.

हवालदाराला या ड्यूटीवर पाठवताना वरच्या साहेबांनी विचारलं होतं, ‘‘आरोपीशी काही नातंगोतं?’’ आरोपी म्हणजे शेठ, आणि शेठशी हवालदाराचं काहीही नातं नव्हतं. त्याने तसं सांगितलं. बायकोच्या भावाबद्दल कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायचं नाही एवढं तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी माणूस शिकतो.

‘‘म्हणजे तुम्ही आता त्या माणसाच्या बागेत बसणार,’’ बायको म्हणाली, ‘‘आणि माझा भाऊ तिकडे फरशीवर झोपणार.’’

‘‘बागेत नाही. फाटकाशी. प्लास्टिकची खुर्ची आहे, तीही डुगडुगते.’’

‘‘अरेरे,’’ बायको म्हणाली. ‘‘कंबर सांभाळा हो.’’

फाटकाशी बसून हवालदाराला शेठचं घर हळूहळू कळत गेलं. शेठ वाईट माणूस नव्हते. हीच त्यांची मोठी अडचण होती, म्हणजे इतरांची. सकाळी ते व्हरांड्यात येऊन ‘‘काय हवालदार, झोप झाली का?’’ असं विचारत, आणि उत्तर ऐकायला थांबत. चहा आला की हवालदारालाही त्याच सेटमधल्या कपातून येई. दुपारी बाईसाहेब त्याच्यासाठी बागेतली छत्री फाटकाजवळ हलवायला लावत. पहिल्या दिवशी माळी नव्हता, तेव्हा ती छत्री लोखंडी बुंध्यासकट शेठनी स्वतःच उचलून आणली. हवालदार उभा राहून बघत राहिला. शेठच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी छत्री सावकाश खाली ठेवली, एक हात कंबरेवर नेला आणि सहानुभूतीने हवालदाराकडेच पाहिलं.

हवालदाराने एकदा आडून विचारलं, ‘‘शेठ, तुमच्या ऑफिसातला तो कारकून अजून आतच आहे ना?’’

‘‘कोण? हां, तो बारीकसा. फार गुणी पोरगा. काय सही करायचा!’’ शेठनी खरंच हळहळून मान हलवली. ‘‘कुणी भेटायला जाणारं असेल तर निरोप द्या. म्हणावं, धीर सोडू नकोस. मीही भोगतोच आहे.’’

आणि ते मासिक घेऊन आरामखुर्चीत भोगायला बसले.

संध्याकाळी हे बायकोला सांगायची चूक हवालदाराने केली. त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं, पण ताट ठेवल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला.

बारक्याला सरकारतर्फे मिळालेल्या मोफतच्या वकीलबाई होत्या. त्यांच्याकडे इतक्या केसेस होत्या की बोलता बोलता त्या माणसाचं नाव विसरत, पण कलम विसरत नसत. हवालदाराने त्यांना कोर्टाच्या जिन्यावर गाठलं. त्या पायरीवर बसून बिस्किटाच्या पुड्याचं जेवण करत होत्या.

‘‘तुमचा मेहुणा ना? पावत्यांवाला. त्याच्या जामिनाची तारीख लागली आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बघा, त्याच्याकडे घर नाही, भाड्याची खोली होती ती गेली. जामीन राहणारं कोणी वजनदार नाही. सही त्याची आहे, ते तो नाकारतही नाही, उलट दाखवली की खूश होतो. माझ्याकडे एकच मुद्दा आहे.’’

‘‘कोणता?’’

‘‘समान न्याय. एकाच गुन्ह्यातला मोठा आरोपी घरी गादीवर झोपतो, तर छोट्याने तुरुंगात का राहायचं? कोर्टाला हे ऐकावं लागतं. बरेचदा ऐकतातही.’’

हवालदाराला एकदम हलकं वाटलं. एवढी सरळ गोष्ट त्याने कोर्टात कधी ऐकली नव्हती.

‘‘पण एक आहे,’’ वकीलबाई बोटांवरचा चुरा झटकत म्हणाल्या. ‘‘सरकारी वकिलांनी शेठची घरकैद रद्द करायचा अर्ज केलाय. म्हणतात, माणूस ठणठणीत आहे, दुखण्याचं सोंग आहे. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच न्यायाधीशांपुढे. आधी शेठचा, मग आपला. आता शेठलाच परत आत टाकलं, तर मी बोट कुणाकडे दाखवू?’’

‘‘म्हणजे शेठ घरीच राहायला हवेत.’’

‘‘आपला अर्ज ऐकून होईपर्यंत तरी. नंतर खुशाल जाऊ दे त्यांना तळ्यात.’’

असं म्हणून त्यांनी उरलेली बिस्किटं पर्समध्ये टाकली आणि त्या दुसऱ्या कुणाच्या तरी मेहुण्याकडे गेल्या.

त्या दिवसापासून हवालदाराने शेठची खरी राखण सुरू केली. आजवर तो शेठ पळून जाऊ नयेत म्हणून बसला होता. त्यात कष्ट नव्हते. इतकी चांगली जागा सोडून कोण पळेल? आता त्याला शेठना आजारी ठेवायचं होतं, आणि शेठना त्याचा कंटाळा आला होता.

घरात बसून बसून शेठच्या अंगात ताकद साठली होती. ते कपाटं सरकवत. बाईसाहेबांच्या भाच्याशी मागच्या हिरवळीवर बॅडमिंटन खेळत आणि हरले की पुन्हा खेळत. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एका वर्तमानपत्राचा फोटोवाला अधूनमधून येऊन बसे. भला मोठा कॅमेरा आणि खाली ठेवलेली पाण्याची बाटली. त्यालाही बिचाऱ्याला कोणीतरी ड्यूटी लावली होती. हवालदाराची निम्मी नजर त्या गच्चीवर आणि निम्मी शेठच्या कंबरेवर असे.

एकदा तो पाणी प्यायला आत गेला आणि परत येऊन बघतो तर शेठ शिडीवर. भिंतीवरच्या वेलीची वाळलेली टोकं कापत होते, एक पाय शिडीवर, एक पाय भिंतीवर, आणि तोंडाने शीळ. गच्चीवर फोटोवाला नुकताच येऊन बाटलीचं झाकण उघडत होता.

‘‘शेठ! कंबर!’’ हवालदार धावत सुटला.

‘‘काय झालं कंबरेला?’’

‘‘दुखतेय ती! उतरा आधी!’’

‘‘अरे हो.’’ शेठ उतरले, तेही दोन पायऱ्या गाळून. मग कळवळल्यासारखा चेहरा करून त्यांनी मांडी धरली.

‘‘मांडी नाही, शेठ. मणका. खालचा.’’

‘‘मणका, मणका.’’ शेठनी हात मागे नेला. ‘‘इथे?’’

‘‘जरा खाली. आणि वाकून चाला. गच्चीकडे बघू नका. एवढं भराभरा नको हो, माझा हात धरा.’’

हवालदाराच्या खांद्यावर भार टाकून शेठ व्हरांड्यापर्यंत आले. गच्चीवर कॅमेरा वर झाला आणि हवालदाराला टिपून खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं: आजाराने खचलेले उद्योगपती, माणुसकी जपणारा पोलीस. वरच्या साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. बायकोने तो कागद टेबलावर पसरला, बराच वेळ पाहिला आणि त्यावर कांदे चिरायला घेतले.

‘‘त्याला सांभाळतोय तो बारक्यासाठीच,’’ हवालदार म्हणाला.

‘‘दिसतंय की. किती प्रेमाने धरलंय.’’

शेठना मात्र हवालदार आवडायला लागला. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्या बाजूचा आहे. ते त्याला ‘‘आमचे हवालदार’’ म्हणू लागले आणि मणका कुठे असतो हे वकिलाला न विचारता त्यालाच विचारू लागले. हवालदार सांगे. दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय ते त्याने एकदा नीट वाचून घेतलं होतं. खुर्चीतून उठायचं तर आधी कडेला सरकायचं, दोन्ही हात मांड्यांवर, मग श्वास सोडत उठायचं, आणि उठल्यावर लगेच पाऊल टाकायचं नाही. शेठ हुशार माणूस. हुशार नसते तर इतक्या लोकांना तळं दाखवता आलं नसतं. चार-पाच दिवसांत ते असे उठायला लागले की पाहणाऱ्याच्या पाठीतून कळ जावी.

तारखेच्या आदल्या दिवशी सरकारी वकील फाटकाशी आले. तरुण होते, तळमळीचे होते, कोटाची बटणं चुकीच्या काजांत गेलेली.

‘‘मामा,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही रोज इथे असता. तुम्ही सगळं पाहिलंय. उद्या कोर्टात न्यायाधीश तुम्हालाच विचारणार. फक्त जे दिसलं ते सांगा. एवढं झालं की हा माणूस उद्या संध्याकाळी इतरांसारखा तुरुंगात. लोक म्हणतात पैसेवाल्यांना वेगळा न्याय असतो. आपण दाखवून देऊ, नसतो.’’

हवालदाराला हा मुलगा आवडला. आपल्या मुलीला असाच नवरा मिळावा असंही त्याला क्षणभर वाटून गेलं. ‘‘बघतो साहेब,’’ तो म्हणाला.

घरी त्याने विषय काढला. मुलगी शिकवणीला गेली होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘‘आयुष्यात कोर्टात खोटं बोललो नाही मी.’’

‘‘तुम्हाला आयुष्यात कोर्टात कोणी काही विचारलं होतं का?’’

हवालदाराने आठवून पाहिलं. बायकोचं बरोबर होतं.

‘‘खरं बोललात तर शेठ आत, आणि बारक्याही आत,’’ ती म्हणाली. ‘‘खोटं बोललात तर शेठ घरी, आणि बारक्याही घरी. आई मला रोज विचारते, तो दिसतो कसा, खातो काय. मी काय सांगू तिला? की माझ्या नवऱ्याला खरं बोलायचं होतं?’’

‘‘पण शेठ मोकळे सुटतात त्याचं काय?’’

‘‘ते आधीपासूनच सुटलेत. तुम्ही फक्त छत्रीखाली बसलात.’’ तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. ‘‘अहो, माझा भाऊ मोकळा करून द्या. मग न्यायाचं काय ते आपण दोघं मिळून वाईट वाटून घेऊ.’’

कोर्टात शेठ चाकाच्या खुर्चीतून आले. कंबरेला रुंद पट्टा होता, शर्टावरून बांधलेला, म्हणजे दिसावा. बारक्याला दुसऱ्या दाराने आणलं. तो आणखी बारीक झाला होता. त्याने बहिणीला पाहून हात हलवला, मग शेठना पाहून अदबीने मान लववली. इतक्या वर्षांची सवय. शेठनीही ओळखीचं हसून मान हलवली, आणि मग मान हलवल्याने कळ आल्यासारखे डोळे मिटले. हे हवालदाराने शिकवलं नव्हतं. शेठनी स्वतःचं घातलं होतं.

न्यायाधीश वयस्क होते, सकाळपासून ऐकून थकलेले. त्यांनी हवालदाराला पुढे बोलावलं.

‘‘तुम्ही रोज यांच्या घरी असता. यांची प्रकृती कशी वाटते तुम्हाला? डॉक्टरचं सोडा. तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलंत?’’

सरकारी वकील आशेने बघत होते. हवालदाराने त्यांच्याकडे न बघता बारक्याकडे पाहिलं, आणि मग एकदा सुरुवात केल्यावर त्याने हातचं काही राखलं नाही. अर्धवट खोटं पकडलं जातं, एवढा त्याला चोरांचा अनुभव होता. शेठना खुर्चीतून उठता येत नाही. कपबशीसुद्धा धरवत नाही. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत चालायला आधार लागतो, आपणच कितीदा खांदा दिला आहे. बसल्या बसल्या कण्हतात. परवा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

‘‘यांच्याशी तुमचं काही नातं, काही देणंघेणं?’’

‘‘काही नाही, साहेब.’’

शेठच्या डोळ्यांत आता खरंच पाणी आलं होतं. इतक्या आपुलकीने त्यांच्याबद्दल बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांचा अर्ज फेटाळला. घरकैद कायम. सरकारी वकील खाली बसले आणि चुकीच्या काजातलं बटण काढून बरोबर काजात घालत राहिले.

मग बारक्याचा अर्ज. वकीलबाई उठल्या. नाव दोनदा चुकल्या, पण मुद्दा चोख मांडला. मोठा आरोपी घरी, छोटा तुरुंगात. दोघांना एकच माप लावा. हवालदाराच्या बायकोने पदर मुठीत धरला होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. ‘‘बाई, तुमचा मुद्दा मला पटला असता,’’ ते म्हणाले. ‘‘खरं सांगायचं तर आज सकाळपर्यंत मलाही शंका होती, की या गृहस्थांना पैशाच्या जोरावर सवलत मिळाली आहे की काय. तसं असतं तर तुमच्या अशिलालाही सोडणं मला भाग होतं. पण आत्ताच या हवालदाराने, ज्याचा यात काडीचा स्वार्थ नाही, माझी शंका दूर केली. सवलत श्रीमंतीला नाही, आजाराला मिळाली आहे. तुमच्या अशिलाला काही आजार आहे का?’’

वकीलबाईंनी मागे वळून पाहिलं. न्यायाधीशांनी थेट बारक्यालाच विचारलं, ‘‘तुमची तब्येत कशी आहे?’’

बारक्या उभा राहिला. मोठ्या माणसाने विचारपूस केली की कसं बोलायचं हे त्याला आईने लहानपणी शिकवलं होतं.

‘‘छान आहे, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘काही त्रास नाही.’’

‘‘उत्तम,’’ न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांनी अर्ज फेटाळला.

बाहेर जिन्यावर वकीलबाईंनी कागद पर्समध्ये कोंबले. मग म्हणाल्या, ‘‘शेठना घरी ठेवा म्हटलं होतं मी. इतकं आजारी नको होतं करायला.’’ आणि मग जरा मऊ आवाजात, ‘‘पुढच्या तारखेला आजाराचा मुद्दा घेता येईल. असला तर.’’

त्या रात्री बायकोने ताट अगदी अलगद ठेवलं. हवालदाराला वाटलं, ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्याला मिठी मारली, दोन्ही हातांनी, चांगली घट्ट. ‘‘हवालदार, तुमचे उपकार विसरणार नाही,’’ ते म्हणाले. हवालदाराला खरं काय ते वरच्या साहेबांना सांगून टाकावंसं वाटलं. त्याने हिशोब करून पाहिला. शेठ आत जातील, आपली नोकरी जाईल, कदाचित आपणही आत जाऊ, आणि बारक्या आहे तिथेच राहील. त्याला सोबत मिळेल, एवढाच काय तो फायदा. तो खुर्चीत बसून राहिला. खुर्ची डुगडुगत राहिली.

सुट्टीच्या दिवशी तो बारक्याला भेटायला गेला. भेटीची खोली लांबट होती, मधे जाळी, दोन्हीकडे बाकं, आणि सगळे एकदम बोलत असल्याने सगळ्यांनाच ओरडावं लागे. बारक्या आला, बाकाशी जरा थांबला, आणि मग एका हाताने बाकाची कड धरून तिरका होत बसला.

‘‘असा का बसतोस?’’

‘‘काही नाही, भाऊजी. थोडी पाठ धरते. फरशी गार असते ना. सकाळी तासभर सरळच होता येत नाही, मग होतं हळूहळू.’’

हवालदार जाळीजवळ सरकला. ‘‘कधीपासून?’’

‘‘झाले बरेच महिने. डाव्या पायात मुंग्या येतात आता.’’

‘‘अरे मग कोर्टात बोलला का नाहीस? त्यांनी तुला तोंडावर विचारलं!’’

‘‘एवढे मोठे न्यायाधीश तब्येत विचारतायत,’’ बारक्या संकोचून म्हणाला, ‘‘त्यांना काय पाठ सांगत बसायची? बरं दिसतं का ते?’’

हवालदाराने डोळे मिटले आणि उघडले. ‘‘इथल्या डॉक्टरला दाखवलंस?’’

‘‘दाखवलं. ते म्हणाले उठून दाखव. मी उठलो. ते म्हणाले, उठतोस की. डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या.’’

‘‘मला दाखव. कसा उठलास?’’

बारक्या उठला. ओठ घट्ट मिटून, पटकन, एका झटक्यात, कोणाला त्रास होऊ नये तसा. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो हसत होता.

‘‘असं नाही रे,’’ हवालदार म्हणाला. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी बोलायचं थांबून त्याच्याकडे बघू लागली होती, तरी तो उभा राहिला, पुन्हा बसला, आणि जाळीपलीकडे दिसेल असा कडेला सरकला. ‘‘माझ्याकडे बघ. आधी असं कडेला यायचं. दोन्ही हात मांड्यांवर. मग श्वास सोडायचा, मोठ्याने, समोरच्याला ऐकू जाईल असा. सावकाश. उभा राहिलास की लगेच चालायचं नाही. आणि हसायचं अजिबात नाही. कर बघू.’’

बारक्याने केलं. तो कडेला सरकला, हात मांड्यांवर ठेवले, श्वास सोडला आणि मधेच कळ आली तशी ती सवयीने गिळली. पुन्हा ओशाळं हसला.

हवालदाराने रोज ज्या जागेवरून शेठना पाहिलं होतं, तिथून पाहिल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

‘‘खोटं वाटतंय,’’ तो म्हणाला. ‘‘परत बस. परत कर.’’